धोतर नेसलेला डोंगर

दिवाळी जवळ आली की बेळगावात आधी चकलीचा वास येत नाही, आधी ओल्या मातीचा येतो. आज सकाळपासून आमच्या गल्लीत मातीची वाहतूक चालू आहे. पाट्या, घमेली, बुडाला भोक पडलेली बादली. एका पठ्ठ्यानं तर आईची परात पळवून आणली आहे आणि ती माउली अजून घरात परात शोधते आहे. लढाई संपली तरी साखर आणि रॉकेल रेशनवरच आहे, मातीला मात्र कार्ड लागत नाही. त्यामुळे यंदा किल्ले मोठे होणार आणि करंज्या बारीक, असा माझा अंदाज आहे.

आमचं अंगण ऐसपैस, म्हणून गल्लीचा किल्ला दरवर्षी इथंच होतो. कंचा किल्ला करायचा यावरून पोरांची कडाक्याची भांडणं झाली आणि निवाड्याला माझ्याकडे आली. मी म्हटलं, आधी डोंगर तरी नीट करा. त्यावर त्यांचा म्होरक्या कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मावशी, डोंगर कोण बघालंय?"

हा प्रश्न मी ओळखते. मी पंधरा वर्षांची होते तेव्हा आमच्या माहेरच्या अंगणात हाच प्रश्न उभा होता, आणि माझ्या आक्काचा पुढचा सगळा संसार त्याला टांगलेला होता. पण आत्ता मला आठवणी काढायला सवड नाही. माझी थोरली लग्नानंतर पहिल्यांदा दिवाळीला येते आहे, जावईबापू बरोबर. म्हणजे दिवाळसण. मी चांदीचा पेला चिंचेनं घासायला बसले आहे. आता पेलाच असा, की त्याच्या नक्षीच्या खाचेत लाल मातीची एक रेघ आहे आणि ती आजवर कुठल्याही चिंचेला निघालेली नाही. घासता घासता हात तिथं थांबतो. हात थांबला की झालं, आमची गाडी निघाली मागं.

त्या वर्षी पाऊस नवरात्र संपलं तरी रेंगाळला होता. मग एका सकाळी ढग उचलले आणि सगळे डोंगर धुऊन वाळत घातल्यासारखे दिसायला लागले. आमच्या माडीच्या खिडकीतून येळ्ळूरचा गड दिसायचा. त्याच्या पलीकडे चंदगडच्या बाजूचे निळे, त्यांच्या पलीकडे आणखी फिकट, आणि सगळ्यात शेवटचा तर डोंगर आहे की ढग, यावर आम्ही पैजा लावायचो. तो ढग असला तर दुपारपर्यंत हलायचा. डोंगर असला तर पैज लावणाराच कंटाळून हलायचा.

त्याच खिडकीत, त्याच दिवसांत, आमचे दाजी तासन्‌तास उभे राहायला लागले. दाजी म्हणजे आक्काचे यजमान. नवे कोरे जावई, दिवाळसणाला आठवडाभर आधीच आलेले.

दाजी निपाणीचे. निपाणीचे म्हटल्यावर तंबाखूचे, हे वेगळं सांगायला नको. वडिलांची वखार, चुलत्यांची वखार, आणि घराच्या भिंतींना असा वास की पाहुण्याला पानात जर्दा घालायची गरज पडू नये. या घरातला मुलगा हट्टानं मुंबईला जाऊन मूर्तिकाम शिकून आला. तिथं एका कारखान्यात साहेबलोकांचे पुतळे होत, आणि दाजींच्या वाट्याला नाकं आली होती. मला म्हणायचे, "सरदार, इतकी नाकं केलीत मी, आता कुणी समोर आला की आधी नाक दिसतंय, मागनं माणूस." सरदार म्हणजे मी. गल्लीच्या किल्ल्याची सरदारकी त्या वेळी माझ्याकडे होती आणि परकर खोचून चिखल तुडवण्यात मला हरवेल असा मुलगा आसपासच्या गल्ल्यांत नव्हता.

नाकावरून आक्काचं सांगायला हवं. तिच्या नाकाचं आणि तंबाखूचं जन्माचं वैर. सासरी वखारीत तंबाखू चाळायला घेतला की इकडं माजघरात तिच्या शिंका सुरू. आरतीत शिंक, ओटी भरताना शिंक, सासऱ्यांनी 'सूनबाई' म्हटलं की उत्तरादाखल शिंक. माहेरी आली तेव्हा नाक लाल, डोळे लाल. आईला वाटलं पोर रडून आली आहे आणि तिनंही सोबतीला म्हणून रडून घेतलं.

सासऱ्यांनी मुलाला सांगून टाकलं होतं: दिवाळीपर्यंत कुठं नोकरी लागली तर बघ, न्हाय तर पाडव्याला वहीपूजन झालं की वखारीच्या गादीवर बसायचं. आणि बेळगावातल्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तरची जागा रिकामी होती. शाळेच्या कमिटीचे मुख्य रावसाहेब. हेच रावसाहेब दर पाडव्याला आमच्या भागातले किल्ले बघून बक्षीस देत. म्हणजे दोन दोन मिळून चार, हा हिशेब आमच्या अण्णांनी कोर्टातून घरी येता येता रस्त्यातच केला. जावयानं अंगणात असा किल्ला करायचा की रावसाहेबांनी फराळाची बशी हातात घ्यायच्या आत नेमणूक करावी. दरवाजे, बुरूज, माच्या, तोफा, सिंहासन, सगळं.

रावसाहेब उंच, फेटा उंच, काठी त्याहून उंच. किल्ल्यापुढं उभे राहायचे आणि काठी रोखून विचारायचे, "हा बुरूज कुठला?" पोरं सांगायची, ते मान डोलवायचे. आदल्या वर्षी त्यांनी काठी रोखून एका बुरुजाची फार तारीफ केली होती. ती पालथी पाटी होती आणि तिच्याखाली शेजाऱ्यांचा कोंबडा झाकला होता. मोठी माणसं अशीच आपल्या विचारात असतात, असं अण्णा तेव्हा म्हणाले.

तर दाजी 'करतो की' म्हणाले. आमच्या कुळाकडचा परसू येळ्ळूरहून बैलगाडीभर लाल माती घेऊन आला. आधी दगड रचले, मग फुटकी कौलं, त्यावर चिखलात बुडवलेली गोणपाटं, आणि त्यावर माती. मी आणि माझी फौज चिखल तुडवत होतो, दाजी थापत होते. त्या चिखलाचा गारवा अजून माझ्या टाचांना आठवतो. पायाच्या बोटांतून वर येणारी माती, तिच्यात मध्येच गवताची काडी, मध्येच गांडूळ, आणि दाजींचा हात. तळहातानं लोटायचे, मुठीच्या पाठीनं दाबायचे, मग चार पावलं मागं जाऊन डोळे मिचकावून बघायचे.

डोंगर वाढला. माझ्या कमरेला आला, खांद्याला आला. एका बाजूनं बघितलं तर बसलेला बैल वाटायचा, दुसऱ्या बाजूनं डोक्यावर पदर घेऊन बसलेली बाई, आणि तुळशीपाशी उभं राहिलं तर काहीच वाटायचं नाही, नुसते पाय तिथंच थांबायचे. मध्यभागी एक खिंड होती. शिखर मात्र मध्यावर नव्हतं, एका अंगाला कललेलं, कुणी हाक मारल्यावर वळून बघितल्यासारखं.

आणि मग दाजींनी हात धुतले.

आमच्या फौजेनं कुंभाराकडून आणलेले मावळे ओच्यात घेऊन दिवसभर वाट बघितली. बुरूज नाही, दरवाजा नाही, पायऱ्या नाहीत. अण्णा येऊन बघून गेले. जावई म्हणजे जावई. दिवाळसणाच्या जावयाला भाजीत मीठ कमी आहे असंसुद्धा बोलू देतात, पण त्याला कुणी काही बोलत नाही. अण्णा म्हणाले, "वा. सुरुवात छान झालीय." आई म्हणाली, केवढा मोठा केलाय. शेजारच्या तुंगाकाकू म्हणाल्या, माती चांगली आहे.

घरात दाजींना तोंडावर बोलायचा परवाना एकाच व्यक्तीकडे होता. मेहुणीकडे. मला पुढं ढकलण्यात आलं.

"दाजी, किल्ला कुठाय?"

"किल्ला माणसांनी बांधला गं. डोंगर त्याच्या आधीपास्नं हाय."

"मग आमचे मावळे कुठं ठेवायचे?"

"ते अजून वाटेत असतील," दाजी म्हणाले. "येऊ देत सावकाश."

मी हा निरोप स्वयंपाकघरात जसाच्या तसा पोचवला. आई पोळपाटावर लाटणं ठेवून बसून राहिली.

खरा घोळ चतुर्दशीला झाला. पहाटेची अंघोळ, उटणं, ओवाळणी सगळं झालं, आणि दाजी नव्या कपड्यांत जे डोंगरापुढं जाऊन उभे राहिले ते हलेनात. ऊन वर आलं. फराळाचं ताट आलं, तसंच परत गेलं. हाक मारली तर 'हं'. चिरोटे त्यांना जीव की प्राण, त्यांच्याकडंही बघेनात. आणि आमच्या घरावर एकदम प्रकाश पडला. जावई रुसला.

दिवाळसणाच्या जावयानं रुसायचं असतंच. तो त्याचा मान. काय पाहिजे ते तो तोंडानं सांगत नाही, सासऱ्यानं ओळखायचं असतं. तुंगाकाकूंचा या विषयात हात कुणी धरत नसे, कारण त्यांच्या धाकट्या जावयानं न्हाणीघराच्या दारात रुसून सायकल घेतली होती. त्या लांबून दाजींची पाठ बघून म्हणाल्या, "मान जरा डावीकडं हाय. अंगठी पाहिजे त्याला."

अण्णांनी अंगठी आणली. हातात द्यायची पद्धत नाही, म्हणून डोंगराच्या पायथ्याशी पाट मांडून त्यावर डबी उघडून ठेवली. दाजी डोंगराला वळसा घालून पलीकडं गेले. तुंगाकाकू म्हणाल्या, चांदी असेल मनात. हा माझ्या हातातला पेला पाटावर गेला. दाजी अलीकडं आले, पेला बघितला, चेहरा उजळला. सगळं घर दाराआडून बघत होतं, आईनं देवाला हात जोडले. दाजींनी पेला उचलला, हौदात बुडवला आणि डोंगरावर पाणी शिंपडायला लागले.

त्यानंतर अण्णांनी कपाटातलं काठाचं नवं धोतर आणलं. तलम, घडी न मोडलेलं. दाजींनी ते हातात घेतलं, दोन बोटांत चोळून बघितलं, 'झकास' म्हणाले. अण्णांच्या छातीवरचा दगड खाली उतरतो न उतरतो तोच दाजींनी घडी मोडली, धोतर हौदात बुडवून पिळलं आणि डोंगराला गुंडाळलं. वर खिंडीत नीट खोचूनसुद्धा दिलं.

अण्णा कोर्टातले. अपमान कशाला म्हणतात हे त्यांना कलमासकट ठाऊक. ते माडीवर जाऊन बसले आणि खिडकी लावून घेतली.

मी मात्र तडक जाऊन विचारलं. "दाजी, तुम्ही रुसलाय?"

"कुणावर?"

"आमच्यावर. अंगठीसाठी. न्हाय तर सायकलसाठी."

दाजी डोंगराकडं बोट करून म्हणाले, "ऊन बघितलंस? ही पाठ आहे ना, हिला तडा जालालाय. ओलं फडकं टाकलं न्हाय तर पाडव्यापर्यंत टिकायचा न्हाय." आणि जरा थांबून, "अंगठी कुठली गं?"

पाटावरची डबी त्यांना दिसलीच नव्हती. त्यांचा पाय पडून ती बिचारी चिखलात अर्धी रुतली होती. मी माडीवर जाऊन अण्णांपुढं दाजींची बाजू मांडली, तेव्हा कुठं खिडकी उघडली.

मी नंतर कितीदा तरी या गोष्टीवर विचार केला आहे, विशेषतः पानं वाढताना. आपण दिवसभर डोंगरच तर करत असतो. भाताची मूद हा डोंगर. कणीक मळायला घेतली की परातीत आधी डोंगर, मग त्याच्या माथ्यावर तळं. करंड्यात हळदीकुंकवाचे दोन. सुगीत येळ्ळूरला जावं तर खळ्यावर भाताची रास, संध्याकाळच्या उन्हात सोन्यासारखी, आणि तिच्या वासानं भूक लागावी. कुणी त्या राशीपुढं उभं राहून 'यात तांदूळ कुठला आणि दरवाजा कुठला' विचारत नाही. जे भरून आलं, ते आपोआप डोंगरासारखं दिसतं. एवढं साधं आहे हे. पण ते कळायला मलासुद्धा पाडवा उजाडावा लागला.

पाडव्याच्या सकाळी आमच्याकडं दारात शेणाचे पांडव मांडतात. शेणाचे लहान लहान सुळके करायचे, त्यांच्या माथ्यावर झेंडूचं फूल खोचायचं, हळदकुंकू वाहायचं. आई खाली वाकून ते मांडत होती. अण्णा शेजारी हात बांधून उभे होते, चेहरा खटला हरलेल्या वादीसारखा. थोड्या वेळात रावसाहेब येणार होते आणि अंगणात धोतर नेसलेला डोंगर होता. अण्णा हळू आवाजात आईला म्हणाले की धोतर काढून वर चार मावळे तरी लावावेत, तोफ ठेवावी, पाहुण्याला कळलं तरी पाहिजे काय आहे ते. माझी फौज लगेच मावळे घेऊन हजर.

तेव्हा आक्का पुढं आली. माहेरी आल्यापासून ती या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती. आमच्यात सगळ्यांत कमी बोलणारी तीच, आणि या सगळ्यात बुडालं असतं तर तिचंच बुडणार होतं.

"अण्णा, या पांडवांत भीम कंचा?"

अण्णांनी खाली बघितलं. शेणाचे सुळके ओळीनं, फुलं लावून बसले होते.

"नाक न्हाय, डोळे न्हाय, गदा न्हाय. तरी तुम्ही दरवर्षी नमस्कार करताय न्हवं? मग माझ्या नवऱ्यालाच कशाला विचारायचं, तोफ कुठाय म्हणून?"

अण्णांनी वाकून पांडवांना नमस्कार केला, जरा जास्तच वेळ. मावळे ओच्यात परत गेले.

रावसाहेब आले. पुढं काठी, मागं फेटा. फाटकातून आत आले आणि अंगणाच्या मधोमध थबकले. काठी बगलेत धरली, दोन्ही हात जोडले आणि अतिशय अदबीनं डोंगराला म्हणाले, "नमस्कार मातोश्री. उन्हात कशाला बसलात?"

कुणाला हसू आलं नाही. अण्णांची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. ओल्या पांढऱ्या धोतरातला तो डोंगर त्या उन्हात खरोखर कुणीतरी म्हातारी गुडघे जवळ घेऊन बसल्यासारखा दिसत होता, पण एवढ्या जवळून तसा फक्त एकाच माणसाला दिसू शकत होता. मला झाकलेला कोंबडा आठवला. 'हा बुरूज कुठला' हा प्रश्नही आठवला. रावसाहेबांना दिसत नव्हतं. किती वर्षं दिसत नव्हतं कोण जाणे. आमचे मावळे, त्यांच्या मिशा, तोफांची बारीक चाकं, सगळं त्यांच्यासाठी लाल धुकं होतं, आणि ते काठीच्या आधारानं आमच्याकडूनच सगळं काढून घेत होते.

नाकं करणाऱ्या माणसाला डोळेही कळत असावेत. दाजी पुढं झाले आणि त्यांनी धोतर काढलं. नाटकात पडदा वर जातो तसं नव्हे, झोपलेल्या मुलावरचं पांघरूण काढावं तसं. आतून ओला, गडद लाल डोंगर निघाला. मग त्यांनी रावसाहेबांचा हात धरला आणि उतारावर ठेवला.

"हात लावून बघा."

रावसाहेबांनी काठी माझ्याकडं दिली. ती केवढी जड होती. त्यांचा हात उतारावरून वर गेला, पाठीवर थांबला, जिथं तडा जाता जाता राहिला होता तिथं बोट फिरलं, मग घसरून खिंडीत उतरला आणि तिथंच राहिला. आईच्या हातात फराळाचं ताट होतं, ती ते खाली ठेवायला विसरली.

"इथं वारा लागत असंल," रावसाहेब म्हणाले.

"लागतोय," दाजी म्हणाले.

रावसाहेबांनी पूर्ण प्रदक्षिणा घातली, हात न उचलता. कुठला गड, कुठला बुरूज, काही विचारलं नाही. हाताला लागलेली माती त्यांनी पुसलीही नाही, तशाच हातानं चिरोटा घेतला. खाऊन झाल्यावर म्हणाले, "शाळेत पोरांना पेला आणि केळं काढायला शिकवावं लागतं. कंटाळा येईल तुम्हाला, मास्तर."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, मी आईकडं, आईनं आक्काकडं. मास्तर म्हणाले होते. आक्का दारात उभी होती. तिला एकदम शिंक आली, मग दुसरी, आणि तिनं पदरानं डोळे पुसले. त्या अंगणात तंबाखूची एक चिमूटसुद्धा नव्हती.

"केळ्याला आधी हात लावायला शिकवीन," दाजी म्हणाले, "मग काढायला."

"आणि मग खातील ती पोरं," रावसाहेब म्हणाले.

किल्ल्याचं बक्षीस वरच्या गल्लीला मिळालं. रावसाहेबांचं म्हणणं, किल्ल्याच्या स्पर्धेत किल्ला असावा लागतो, नियम म्हणजे नियम. माझ्या फौजेनं हा निकाल आजतागायत मान्य केलेला नाही. संध्याकाळी दाजींनी आम्हाला मावळे लावायची परवानगी दिली, पण फक्त पायथ्याशी. म्हणाले, पोचले बघ. सगळे माना वर करून चढायच्या तयारीत उभे. पुढं त्या डोंगरावर आळीव उगवलं, ते वाळलं, आणि मृगात त्याच्यातून लाल ओहोळ निघून हौदापर्यंत गेले. राहिला तो उंचवटा, त्यावर आईनं अबोली लावली. दाजींनी मातीचे कितीतरी डोंगर नंतर केले. बहुतेक विरघळले. ते म्हणतात, ठीकच आहे, मूळचे पण विरघळालेत, जरा सावकाश एवढंच.

आज आक्का आणि दाजी याच गावात राहतात. शाळेतली पोरं त्यांना डोंगरे मास्तर म्हणतात, आणि नवीन पोरांना ते त्यांचं आडनावच वाटतं. धोतराचा लाल डाग निघाला नाही. अण्णा दर पाडव्याला तेच नेसायचे. आणि हा पेला माझ्या लग्नात आक्कानं मला दिला, वकिली केल्याबद्दल.

एवढं आठवून होईपर्यंत जावईबापू आलेसुद्धा. रेल्वेत आहेत, अबोल आहेत. चहा झाला आणि ते अंगणात गेले ते पोरांच्या अर्ध्या डोंगरापुढं उभेच राहिले. पाव तास झाला, अर्धा झाला. हाक मारली तर 'हं'. आमच्या घराण्यात आणखी एक. मी पेला हौदातल्या पाण्यानं काठोकाठ भरला, धाकटीच्या हातात दिला आणि म्हटलं, काही बोलू नको, नुसता ठेव आणि ये.

ती रिकामा पेला घेऊन परत आली.

"काय केलं त्यांनी पाण्याचं?"

"पिले."

"आणि?"

"आणि विचारलं," धाकटी म्हणाली, "तुमच्यात म्हणे डोंगरापुढं गप उभं राहिलं की पायथ्याला अंगठी ठेवतात. ताईनं सांगितलंय त्यांना. कुठल्या बाजूला उभं राहू, विचारालेत."

मी उठले. कपाटातलं घडीचं नवं धोतर काढलं, हौदात बुडवलं, पिळलं आणि तिच्या खांद्यावर टाकलं. म्हटलं, हे दे त्यांना. ऊन वाढालंय, डोंगर झाका म्हणावं.